साल आपोआप निघते

नव्या शेजाऱ्यांपैकी कुणी विचारलं, "काकू, तुम्ही कसलं काम करायचात?" की मी सांगते, "लोकांची सालटी काढायचे." समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. माझा आवाज मुळात चढा, त्यात हे उत्तर. मग मी खुलासा करते की रागाने नव्हे, ब्रशने काढायचे; आणि सालटी काढून घेतल्यावर लोक वर "थँक्यू ताई" म्हणून जायचे. हे भाग्य दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं मला वाटत नाही.

आधी बारा-तेरा वर्षं आगाशीच्या बाजारात माझं स्वतःचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे कापडाच्या दुकानामागची एक खोली, एक खुर्ची, एक आरसा आणि वाफेचं भांडं. पुढे वसईत एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना काढला. त्यांनी मला बोलावून घेतलं, हाताला धरून शिकवलं आणि पांढरा कोट दिला. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिले. तो कोट मी घरी धुवायला आणायचे तेव्हा मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण पुष्कळांना अजून वाटतं की आम्ही चेहऱ्यावर सुरी चालवतो. सुरी, टाके, भूल यातलं काही नाही. आपली कातडी रोज थोडी थोडी मरत असते आणि खालून नवी वर येत असते. तरुणपणी ही मेलेली कातडी आपली आपण झडून जाते, आपल्याला कळतही नाही. वय वाढलं, उन्हातान्हात फिरणं झालं, मुरमं येऊन गेली, की ती आहे तिथेच चिकटून बसते आणि चेहरा मळकट दिसायला लागतो. तिला उठवून लावायचं, एवढंच आमचं काम. ते घासून करता येतं किंवा विरघळवून. घासायला एक मशीन असतं, पेनासारखं हातात धरायचं, त्याच्या टोकाला हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते. विरघळवायला सौम्य आम्लं असतात, कुठलं उसातलं, कुठलं दुधातलं. आमच्या घरी आई मसूर वाटून सायीत कालवायची आणि साय जरा आंबलेली असेल तर बरं म्हणायची. दुधातलं तेच आंबट पुढे बाटलीत भरून, नाव बदलून माझ्यापुढे आलं तेव्हा मला आईची फार आठवण आली होती.

नाक, ओठ आणि डोळ्यांचे कोपरे व्हॅसलिनने झाकायचे, चेहरा स्पिरिटने पुसायचा आणि कपाळापासून सुरुवात करून ब्रशने आम्ल फिरवायचं. मग एक डोळा घड्याळावर आणि एक कातडीवर. वेळ भरली की गार पाण्याने उतरवायचं. साधारण तीन मिनिटांचा खेळ, पण त्या तीन मिनिटांत चेहरा चांगला चुरचुरतो. माणसाचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी त्यांना बोलतं करायची. डोळे मिटलेले, तोंडाची आग होतेय, हातात छोटा पंखा धरलाय, अशा वेळी खोटं बोलायला लागणारी शक्ती कुणाकडे उरत नाही. मी या तीन मिनिटांत इतक्या घरांच्या इतक्या गोष्टी ऐकल्या आहेत की त्या लिहिल्या तर मला वसई सोडावी लागेल.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. गोखिवऱ्याला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात बफिंग करणारे शिंदे म्हणून एक गृहस्थ होते. बफिंग म्हणजे फिरत्या चाकावर भांडं धरून त्याला चकाकी आणायची. तीसेक वर्षं ती काळी भुकटी त्यांच्या गालात मुरलेली. कारखान्यात निरोपसमारंभ होणार होता आणि फोटोत तरी नवरा ओळखू यावा म्हणून बायकोने त्यांना धरून आणलेलं. मी मशीन हातात घेतल्याबरोबर ते उठून बसले.

"मॅडम, पहिला कुठला नंबर मारता?"

"कसला नंबर?"

"कणीचा. जाड आधी, मग बारीक. आमच्याकडे चार नंबर लागतात."

मी त्यांना तीन टोकं दाखवली. त्यांनी ती बोटावर फिरवून पाहिली, मान डोलावली आणि आडवे झाले. मी काम सुरू केलं तर पुन्हा आवाज आला, "दाबू नका. हात चालता ठेवा. एका जागी थांबलं की माल जळतो." बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मला डॉक्टरीणबाईंनी जे सहा महिन्यांत शिकवलं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. पुढे नव्या मुलींना शिकवताना मी शिंद्यांचीच भाषा वापरायची. त्या मुली गिऱ्हाइकाच्या तोंडाला आपसात 'माल' म्हणायला लागल्या तेव्हा मात्र मी रागावले.

भाषेचं असंच आहे. माझ्या आगाशीच्या पार्लरच्या पाटीवर मी हौसेने 'गोरेपणासाठी' असं रंगवून घेतलं होतं. वाडीत आईबरोबर फुलं खुडणाऱ्या सावळ्या पोरी ती पाटी वाचत वाचत शाळेत जायच्या. गोरं कुणी कुणाला करू शकत नाही, असलेला रंग स्वच्छ दिसतो इतकंच, हे मला तेव्हाही माहीत होतं. पाटी उतरवायला मला फार वर्षं लागली, याची लाज वाटते. पण ज्या एका शब्दाने माझ्या हातून खरं नुकसान झालं तो याहून साधा होता.

डॉक्टरीणबाई पेशंटना सांगायच्या, "तिसऱ्या-चौथ्या दिवशी पीलिंग होईल." शिकलेल्या मुली मान हलवायच्या. त्यांच्याबरोबर आलेल्या आया, मावश्या माझ्याकडे बघायच्या. मग मी सांगू लागले, "साल निघेल. घाबरायचं नाही, साल आपोआप निघते." सगळ्यांना ते चटकन कळायचं. डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं आणि सूचनांच्या मराठी कागदावर माझाच शब्द छापला. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

स्नेहल आली ती याच सुमारास. आगाशीजवळच्या एका वाडीवाल्यांची मुलगी, मुंबईत नोकरी, तीन आठवड्यांवर लग्न. कॉलेजात असताना मुरमं यायची, त्यांचे काळे डाग दोन्ही गालांवर राहिले होते. डॉक्टरीणबाईंनी आधी महिनाभर मलम दिलं, दोनदा सौम्य आम्ल लावून झालं होतं, हे तिसरं आणि शेवटचं, जरा जोरकस. मी ब्रश फिरवला, घड्याळ बघितलं आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "काय गं, नवऱ्याची आठवण येते का?"

"नवऱ्याची कसली, ताई. आत्याचं टेन्शन आहे."

तीन मिनिटांत मला सगळं कळलं. स्नेहल दोन वर्षांची असताना तिची आई गेली. वडील वाडीच्या आणि केळीच्या व्यापाराच्या मागे. तिला वाढवलं ते हिराआत्यांनी. वडिलांची ही बहीण, लग्नानंतर वर्षभरातच नवरा वारला म्हणून माहेरी परत आलेली. पोरीला न्हाऊ घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. आणि आता लग्नात पहिली हळद कोण लावणार, यावरून घर पेटलं होतं.

"मी सांगून टाकलंय, पहिली हळद आत्याच लावणार," ती डोळे मिटूनच म्हणाली. "काकी म्हणते, विधवेचा हात नको, पहिला तर नकोच. काका पण तिच्याच बाजूने. पप्पा मधल्यामधे गप. खूप भांडले मी. आता कुठे हो म्हणालेत. पण बघतायत ना सगळे, काही झालं की बोलायलाच तयार."

"काही होत नाही," मी म्हणाले आणि गार पाण्याचा बोळा तिच्या कपाळावर ठेवला. कागदावर वेळ लिहिली, तीन मिनिटं. मग कोट सावरून माझं ते आवडतं वाक्य तिला ऐकवलं. साल आपोआप निघते. ऊन लागू द्यायचं नाही. तोंडाला काही लावायचं नाही.

हिराआत्या काय करत असत, ते मी विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं. त्या सुकेळी करत. आमच्याकडची राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केलेली, मधाच्या रंगाची. आता हे काम करणारी घरं फार राहिली नाहीत, पण ज्यांना ते येतं त्यांचं सगळं डोकं सालीत असतं. साल कधी काढायची, कशी काढायची, आतले दोरे न तुटता कसे उचलायचे. आणि साल काढली की केळं एक क्षण सावलीत ठेवायचं नाही, लगेच ऊन दाखवायचं. आगाशीत इतकी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हजार वेळा बघितलेलं, विकत घेऊन खाल्लेलं. पण वसईच्या दवाखान्यात पांढऱ्या कोटात उभी असताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला मी आले तर स्नेहल पायरीवर बसलेली. तोंड ओढणीने गुंडाळलेलं. आत नेऊन ओढणी सोडली. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत लालबुंद पट्टा आणि त्याच्या कडा काळवंडायला लागलेल्या. उजवा गाल ठीक होता, तिथे अजून बारीक पापुद्रे लोंबत होते.

"कुणी हात लावला?" मी जवळजवळ ओरडलेच.

ती रडायला लागली. रविवारी सकाळी आत्या तिच्या केसांना तेल लावत होत्या. ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. आत्यांनी विचारलं, तोंडाला काय झालं गो? ती म्हणाली, काही नाही, साल निघतेय.

"आत्या म्हणाली, 'अशी अर्धी सुटलेली साल ठेवायची नाय गो, डाग पडतो.' आणि बोटांनी काढायला लागली. तिचा हात एवढा हलका आहे ना ताई, मला दुखलंच नाही. झोप लागली मला. उठले तेव्हा एक गाल झालेला. मग म्हणाली, 'आता जरा ऊन दाखव.' अंगणात बसवलं मला."

"आणि तू बसलीस? तुला मी सांगितलं नव्हतं?"

"आत्याला नाही म्हणायची सवयच नाही मला."

मी खुर्चीत बसले. त्या बाईने काहीच चूक केलं नव्हतं. तिला जे उत्तम येत होतं ते तिने आपल्या लाडक्या पोरीसाठी केलं होतं, आणि कशावर करायचं तो शब्द मी पुरवला होता. सालीला हात लावायचा नसतो, हे तिला कुणी कशाला सांगेल? तिच्या घरात साल काढण्यासाठीच असते.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, मलम दिलं, सक्त सूचना दिल्या. डाग जाईल, पण काही महिने लागतील, लग्नापर्यंत जाणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्यावर स्नेहलने माझा हात धरला.

"ताई, प्लीज. घरी आत्याचं नाव नका सांगू. तिला पण नका सांगू तिच्यामुळे झालं. काकी लगेच म्हणेल, बघा, हिचा हात लागला आणि काय झालं. हळदीला उभी पण करणार नाहीत तिला. आणि आत्या स्वतःच मागे होईल. जन्मभर मनाला लावून घेईल ती."

मी तिला सांगितलं, घरी जा, झोप, बघू. काय बघायचं ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळी काका आले. बरोबर काकी, मागे स्नेहल आणि तिच्यामागे पांढऱ्या पातळातल्या उंच, काटक हिराआत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. काकांनी आल्या आल्या टेबलावर हात आपटला. बाहेर चार पेशंट बसलेले होते, ते सगळे ताठ झाले.

"पोरीचं तोंड जाळलंत तुम्ही! लग्न आहे घरात, काही कळतं का? सगळ्या वसईत सांगेन मी."

डॉक्टरीणबाई शांत आवाजात म्हणाल्या, "आम्ही लावलेलं औषध बरोबर होतं. नंतर घरी काही झालं का, ते आधी बघावं लागेल. साल कुणी ओढून काढली का?"

तेवढ्यात हिराआत्या पुढे आल्या. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, त्या सरळच बोलल्या, "ओढून कोन काढील? सुटलेलीच होती, मी नुसती..."

"तुम्ही काय केलंत, वन्स?" काकीने गर्रकन मान वळवली.

मला तो आवाज अजून ऐकू येतो. त्यात काळजी नव्हती. कित्येक दिवस जे शोधत होतो ते सापडल्याचा आनंद होता. स्नेहल माझ्याकडे बघत होती. हिराआत्यांच्या चेहऱ्यावरही पहिल्यांदा शंका दिसली, त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं.

"त्यांनी काही केलेलं नाही," मी म्हणाले. "साल निघायच्या आधीच खालची कातडी भाजलेली होती. माझ्या हातून वेळ जास्त झाला. मी गप्पा मारत बसले, घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही. चूक माझी आहे."

मग हिराआत्या दोन पावलं टाकून माझ्यासमोर आल्या. माझ्यापेक्षा वीतभर उंच.

"आईविना वाढवली मी तिला," त्या म्हणाल्या. "उन्हाचा चटका लागू दिला नाय कधी. आनि तू गप्पा मारत बसलीस?"

मी मान खाली घातली. उन्हाचा चटका, हे त्या म्हणाल्या तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी स्नेहलचा हात धरला आणि तिला बाहेर घेऊन गेल्या. दारातून मागे वळून म्हणाल्या, "परत हिच्या तोंडाला हात लावायचा नाय तू."

ती मंडळी गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी केसपेपर माझ्यापुढे ठेवला. "शुभाताई, इथे तुमच्याच अक्षरात तीन मिनिटं लिहिलंय."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या चिडल्या होत्या आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "तुम्ही मोठेपणा घेतलात, पण नाव माझ्या दवाखान्याचं गेलं. मला विचारायला हवं होतं." विचारायला वेळ नव्हता, हे मी बोलले नाही. त्यांनी मला सहा महिने आम्लाच्या कामावरून काढलं. बाहेरच्या टेबलावर बसून मी नंबर लावायची आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आत ब्रश चालवायच्या. आगाशीकडचे पेशंट बरेच दिवस आले नाहीत. आलेच तर दबक्या आवाजात विचारायचे, "त्या गप्पा मारणाऱ्या बाई नाहीत ना आता?" ते मला फार लागलं. माझ्या गप्पा हेच तर माझं कसब होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी मोबाइलवर स्नेहलचा फोटो आला. डावा गाल मलमाने चकाकत होता, काळा पट्टा लपत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्या गालाला हळद लावायची नाही असं बजावलं होतं. उजव्या गालावर हळदीची चार बोटं उमटलेली होती आणि तो हात अजून गालावरच होता. फोटोत हिराआत्यांचा चेहरा नीट आला नव्हता, नुसता हात आणि पातळाचा काठ. खाली स्नेहलने लिहिलं होतं, पहिली. मी टेबलावरच बसून रडले. नंबर लावायला आलेल्या एका मावशींनी विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही, सगळे आहेत.

सहा महिन्यांनी मी आत परत आले. पहिलं काम केलं ते कागदावरचा शब्द बदलायचं. 'साल' काढून 'कोंडा' लिहिलं. तोंडावरून कोंडा पडेल, त्याला हात लावू नये. कोंड्याला कुणी प्रेमाने हात लावत नाही. आणि दुसरं, घरात जी कर्ती बाई असेल तिला सोबत आणल्याशिवाय मी लग्नाच्या मुलीला हात लावायची नाही. तिला खुर्चीवर बसवायची, नाव विचारायची, घरी काय काम करता ते विचारायची. भुईगावची एक मावशी होती, पाव भाजण्यात आयुष्य गेलेलं. तिला मी म्हटलं, मावशी, भट्टीचं दार मधेच उघडायचं नाही ना, तसंच हे. ती म्हणाली, "माय गो, एवढं सोपं हाय? मग इंग्लिश कशाला बोलतात ते?" माझं काम पुढे जे नावाजलं गेलं ते या विचारपुशीमुळे. ती मी कुठे शिकले, ते कुणाला सांगता येत नव्हतं.

स्नेहलच्या गालाचा पट्टा सातआठ महिन्यांत पुसट झाला, मग गेला. ती अधूनमधून फोन करायची आणि दर वेळी म्हणायची, "ताई, आत्याला एकदा खरं सांगू का?" मी म्हणायची, "सांगितलंस तर बघ." हिराआत्या मात्र मला बाजारात दिसल्या की तोंड फिरवायच्या. एकदा भाजीवालीसमोर मोठ्याने म्हणाल्या, "काही बाया दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडाशी खेळतात." मी वांगी निवडत राहिले. बरं वाटायचं असं म्हणणार नाही, वाईटच वाटायचं. पण ते वाईट वाटणं मला पटत होतं, कारण गप्पांची गोष्ट खोटी असली तरी चूक काही अगदी खोटी नव्हती. त्यांच्या घराची चौकशी न करता मी त्यांच्या हातात एक शब्द ठेवला होता.

गेल्या हिवाळ्यात आगाशीच्या बाजारातल्या बसथांब्यावर मी उभी होते. निवृत्त होऊन वर्ष झालेलं. स्नेहल माहेरी आली होती, सोबत तिची सात-आठ वर्षांची मुलगी आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चालणाऱ्या हिराआत्या. आता वाकल्या होत्या, माझ्यापेक्षा ठेंगण्या दिसत होत्या. मी बाजूला सरकले. पण या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. त्या थांबल्या आणि मुलीला म्हणाल्या, "ही बघ ती. हिने तुझ्या आयशीचं तोंड भाजलं होतं लग्नात. हिच्याकडे कधी जायाचं नाय."

मुलगी धीट होती. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "तुम्ही काय केलं होतं?"

"आत्या, ऐक ना," स्नेहल एकदम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खरं म्हणजे ना..."

"खरं म्हणजे मी घाई केली गं," मी तिला पुढे बोलू न देता मुलीला म्हणाले. "माणसांची नीट चौकशी केली नाही. कळायला उशीर झाला."

हिराआत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मोतीबिंदू झालेले त्यांचे डोळे, तरी मला वाटलं आरपार बघतायत. बस आली, माणसं चढली, बस गेली. आम्ही चौघी तिथेच.

"म्हातारी झालीस गो तू पन," त्या म्हणाल्या. "चुकते एखादी. आनि पोर सुखात हाय आता. जा, माफ केलं तुला."

स्नेहल तोंडावर ओढणी घेऊन रस्त्याकडे वळली. इतकी वर्षं मी मनातल्या मनात या बाईंची माफी मागत होते, आणि त्या मला देत होत्या ती भलत्याच गोष्टीची होती. तरी मी ती घेतली. बाजारातल्या त्या गर्दीत वाकून मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी आपला हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो तिथे होता तोवर मी उठले नाही.